डोकं आलेले फोटो

आमच्या ह्यांच्याकडे एक्केचाळीस हजार फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत मी नाही. हा आकडा मी रागाच्या भरात फुगवलेला नाही. तो कॉम्प्युटरने सांगितला, आणि कॉम्प्युटरचं माझ्याशी काही वाकडं नाही.

हे उघडकीला आलं ते मेट्रनबाईंमुळे. मी हॉस्पिटलात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. रिटायर व्हायच्या आठवड्यात, सोमवारी, मेट्रनबाई तळघरातल्या माझ्या खोलीत आल्या आणि शिशाच्या एप्रनला धक्का लागणार नाही अशा बेताने दारातच उभ्या राहिल्या.

"शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ. पडद्यावर फोटो दाखवायचेत. तरुणपणीचे, सहलीचे, जोडीचे. दहा-बारा द्या बुधवारपर्यंत."

"दहा-बारा कुठून आणू?"

"म्हणजे काय! तुमचे मिस्टर फोटोग्राफर ना?"

हा गैरसमज फार जुना आहे. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. फोटो काढतात हे खरं, पण रेल्वेचे. रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचं, कुठल्याशा वळणावर नाहीतर पुलाखाली उभं राहायचं, गाडी आली की टिपायची आणि घरी येऊन ग्रुपवर टाकायची. गाडी नसेल त्या वेळात आतली खोली. तिथे दोन मोठ्या टेबलांवर ह्यांची स्वतःची रेल्वे आहे. तिच्यात सात बोगदे आहेत. डोंगर तीनच आहेत, पण बोगदे सात. त्यामुळे ग्रुपवर ह्यांना 'बोगदेसाहेब' म्हणतात, आणि हे तो मान समजतात.

ग्रुपवर चाळीसेक बाप्ये आहेत. दर रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने दोन फोटो टाकायचे, एक खऱ्या गाडीचा आणि एक घरच्या गाडीचा. मग बाकीचे त्यावर तुटून पडतात. ग्रुपचे प्रमुख गार्डसाहेब. खरोखरच रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले तरी हिरवा झेंडा त्यांनी मनातल्या मनात खाली ठेवलेला नाही. त्यांनी नियम घालून दिलेत, आणि पहिला नियम असा की फोटोत माणूस येता कामा नये.

फार वर्षांपूर्वी कुणीतरी एका दुर्मिळ इंजिनाचा फोटो घेत असताना मागच्या डब्यातल्या प्रवाशाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तेव्हापासून फोटोत माणसाचं काहीही आलं, तरी ह्यांच्या भाषेत 'डोकं आलं'. "डावीकडे डोकं आलंय" याचा अर्थ डावीकडे कुणाचातरी पाय आहे. "छान आहे, पण डोकं" म्हटलं की तो फोटो बाद. घरच्या रेल्वेलाही हाच नियम. टेबलावर बोटाएवढी माणसं ठेवली की ती खोटी दिसतात, आणि मग गाडीही खोटी दिसते, असं शास्त्र आहे म्हणे. आमच्या आतल्या खोलीत त्यामुळे स्टेशन आहे, तिकीटखिडकी आहे, बाकं आहेत, गाड्या अगदी वेळेवर आहेत, प्रवासी शून्य. मी एकदा म्हटलं, "अहो, मग ही गाडी जाते कुणासाठी?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही.

लग्न झाल्यापासून मी रविवारी ह्यांच्याबरोबर जाते. सुरुवातीला हौस म्हणून गेले. नंतर कळलं की नाही गेले तर रविवारी नवरा दिसायचाच नाही. मग थर्मास, डबा, नंतरची काही वर्षं कडेवर मुलगा, असा लवाजमा घेऊन मी जात राहिले. "अगं, जरा मागे" एवढंच ह्यांचं माझ्याशी तिथलं संभाषण. मुलाचे फोटो मी काढले म्हणून त्यांत मुलगा आहे. गाड्यांचे ह्यांनी काढले म्हणून त्यांत गाड्या आहेत. माझे कुणी काढायचे हे कधी ठरलंच नाही.

तर सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. हे उत्साहात होते. जुने फोटो उघडायला कारण मिळालं की ह्यांच्या अंगात वारं शिरतं.

"तारीख सांग, लगेच काढून देतो."

"लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला गेलो होतो बघा आपण."

"दहावा म्हणजे... तो मोठा पूल!" ह्यांनी झटक्यात उघडलं. तीनशे फोटो. पूल खालून, पूल बाजूने, पुलावर मालगाडी, पुलावर काहीच नाही. एका फोटोत खडीवर लांबलचक सावली होती, हातात थर्मासची पिशवी.

"ही मी!" मी ओरडले.

हे ओशाळले. "हो, ती राहिली. तेव्हा सावली काढून टाकता येत नसे."

दोन तास बसलो. मी बोटं मोडत होते, हे इंजिनांचे नंबर वाचत होते. शेवटी माझ्या नावावर जमा झालं ते एवढं: एक सावली, एका डब्याच्या काचेत अंधुक काहीतरी, आणि एका कोपऱ्यात एक कोपर, जे माझं आहे यावर आमचं एकमत झालं नाही. कोपर माझंच होतं. मी एकतीस वर्षं लोकांची कोपरं बघितली आहेत, मला माझं ओळखता येतं.

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "रोज चाळीस परकी माणसं माझ्यापुढे येतात. श्वास घ्या, रोखा, हलू नका, म्हणून मी प्रत्येकाचा फोटो काढते. माझा स्वतःचा एकच फोटो आहे, छातीचा, तपासणीला काढलेला. तोच लावू का शुक्रवारी पडद्यावर? तुम्हाला एकदासुद्धा वाटलं नाही हो मला फोटोत घ्यावं असं?"

हे खरोखर गोंधळले. "अगं, पण तू तर शेजारीच असायचीस."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. फोटोसाठी नाही. ते शुक्रवारचं काय, मेट्रनबाईंना सांगितलं असतं, पुरात गेले म्हणून. पण आपण इतकी वर्षं तिथे होतो याचा पुरावा कुणाकडेच नसावा, नवऱ्याकडेही नसावा, हे मला फार लागलं.

बाहेर हे घाबरले असावेत, कारण त्यांनी त्यांच्या दृष्टीने जगातली सगळ्यात मोठी मदत मागितली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मी नंतर वाचलं ते असं: "सर्वांना विनंती. गेल्या तीस वर्षांत आमच्या मिसेसचं डोकं कुणाच्या फोटोत आलं असल्यास कळवावं. तातडीचं आहे."

आता ही भाषा फक्त त्या चाळीस बाप्यांना कळते, आणि त्यांना ती जशी कळायची तशीच कळली. मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेपासून फोन थरथरायला लागला. सगळ्यांना वाटलं, बोगदेसाहेब बायकोच्या वतीने माफी मागताहेत.

"साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्ही कधी तक्रार केली का?"

"एकदा वहिनींमुळे जोडइंजिन हुकलं होतं, पण झालं गेलं."

एका उत्साही गृहस्थाने तर कहर केला. "वहिनींचं डोकं माझ्या चार फोटोंत होतं. चारही ठिकाणी सफाईने काढून टाकलं आहे. निश्चिंत असा." सोबत चारही फोटो. तिसऱ्या फोटोत प्लॅटफॉर्मवरचं बाक होतं, बाकावर थर्मास होता, आणि थर्मासचं झाकण बाकाच्या हातभर वर हवेत होतं. हात पुसला गेला होता, झाकण राहिलं होतं. त्यावर सात जणांनी अंगठा दिला होता.

ह्यांनी मला ते कौतुकाने दाखवलं. "बघ, किती स्वच्छ काढलंय."

मी फोन ह्यांच्या हातातून घेतला. ग्रुपवर बायकांना मनाई नाही, कारण कुणी बाई तिथे लिहील हे गार्डसाहेबांच्या डोक्यातच आलेलं नाही. मी लिहिलं:

"मी डोकं बोलतेय. मला काढलेले नकोत, आलेले हवेत. शुक्रवारी मी रिटायर होतेय आणि माझ्याकडे माझा एकही फोटो नाही."

मी तयार होऊन कामाला गेले. तळघरात फोनला रेंज नसते. दुपारी डबा खायला वर आले, तर तेवीस फोटो आले होते.

ही माणसं काही फेकत नाहीत हे मला घरच्या अनुभवावरून ठाऊक होतं. बाद झालेले फोटोसुद्धा त्यांनी बाद म्हणून नीट ठेवले होते. प्रत्येकाखाली तारीख, इंजिनाचा नंबर, आणि फोटो का बिघडला याचा खुलासा. "वहिनी जांभई देताना. इंजिन अर्धं." खरंच मी जांभई देत होते, निळा स्वेटर घालून. दुसऱ्यात मुलगा कडेवर, त्याचा एक बूट गायब, आणि मी खडीत तो शोधतेय. तिसऱ्यात ह्यांच्या पाठीकडे बोट रोखून मी काहीतरी सुनावतेय. एकात बाकावर चक्क झोपलेय, तोंड उघडं. एकही फोटो धड नव्हता, आणि मला त्यांच्याकडे किती बघू नि किती नको असं झालं.

सवयीप्रमाणे मी ते तारखेने लावले आणि सवयीप्रमाणेच आधी हाडांकडे बघितलं. माझा डावा खांदा दर वर्षी थोडा खाली गेलाय. थर्मासची पिशवी डाव्या खांद्यावर असायची. आणखी एक गोष्ट होती. बऱ्याच फोटोंत हेही होते, त्यामुळे मेट्रनबाईंचा जोडीच्या फोटोचा प्रश्न सुटला, पण प्रत्येक वेळी ह्यांची पाठ. मी ह्यांच्याकडे बघतेय, आणि हे रुळांकडे.

चोविसावा फोटो गार्डसाहेबांचा आला, बुधवारी. त्यात गाडी नव्हतीच. नुसते रूळ, प्लॅटफॉर्म आणि आम्ही दोघं. ह्यांचा कॅमेरा गळ्यात लोंबतोय, एक हात हवेत, आणि तोंड माझ्याकडे. मी मान मागे टाकून हसतेय, इतकी की हातातल्या कपातला चहा सांडतोय. खाली गार्डसाहेबांचा शेरा: "उजेड तपासायला घेतलेला. निरुपयोगी."

शुक्रवारी समारंभ झाला. भाषणं झाली, मेट्रनबाईंनी मला शिस्तप्रिय म्हटलं, म्हणजे कटकटी. मग दिवे मालवून फोटो सुरू झाले. ग्रुपमधले चौघं न बोलावता आले होते आणि मागे ओळीने उभे होते. पाचव्या फोटोला मागून कुणीतरी हळहळलं, "अरेरे, हे इंजिन भंगारात गेलं." फोटोत सगळ्यात पुढे मी होते. झोपलेल्या फोटोला सगळं हॉस्पिटल खदखदून हसलं. मेट्रनबाईंनी शेवटी तो हसतानाचा लावला आणि बराच वेळ पडद्यावर राहू दिला. पहिल्या रांगेत हे बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, मान वर करून. दिवे लागले तरी ह्यांची मान खाली आली नाही.

रिक्षाने घरी आलो. दाराचं कुलूप काढताना हे म्हणाले, "त्या फोटोत तू कशाला हसत होतीस?"

"तुम्ही काहीतरी बोललात."

"काय बोललो?"

मी आठवून पाहिलं. अंगातला स्वेटर आठवला, तो कप आठवला, त्या दिवशी पायात चावणारी चप्पल आठवली. ह्यांचं बोलणं काही केल्या आठवेना. दुपारपासून मी ह्यांना मनात धारेवर धरत होते, की बघा, तुम्हाला माझं काही आठवत नाही. आता मलाच आठवत नव्हतं. माझा चेहरा पडला असावा, कारण हे म्हणाले, "थांब, विचारतो," आणि चपला न काढता उभ्याउभ्याच ग्रुपवर लिहिलं: "त्या फोटोच्या वेळी मी काय बोललो, कुणाला आठवतं का?"

गार्डसाहेबांचं उत्तर लगेच आलं. "मी लांब होतो, ऐकू आलं नाही. पण वहीत नोंद आहे. त्या दिवशी गाडी बावीस मिनिटं लेट होती."

"बावीस!" हे चकित झाले. "त्या लाइनला एवढी कधीच होत नसे."

मी खुर्चीत बसले. बावीस मिनिटं रूळ रिकामे, सिग्नल लाल, आणि ह्यांना बघायला दुसरं काहीही नाही. तेव्हा हे माझ्याकडे वळले होते आणि मला चहा सांडेपर्यंत हसवलं होतं. म्हणजे येत होतं ह्यांना.

"पुढच्या रविवारी कुठली गाडी आहे?" मी विचारलं.

ह्यांनी गाडी सांगितली, जागा सांगितली, ऊन कुठल्या बाजूने येईल तेही सांगितलं.

"वेळेवर असते का ती?"

"एकदम! मिनिटाचा फरक नाही."

"मग दुसरी बघा," मी म्हटलं.