पिवळा चीक

टच्.

एवढासाच आवाज, पण दुपारच्या निजलेल्या घरात तिला तो केवढा तरी वाटला. तिने वळून पाहिलं. लेक गादीवर तशीच पालथी झोपलेली. कोरफडीचं बुडाचं जाडजूड पान तुटून आईच्या हातात आलं होतं.

ही कोरफड तिने लेकीच्या बरोबरीनेच वाढवली होती. मोठ्या बहिणीने आपल्या कुंडीतलं बोटभर पिल्लू काढून दिलं, तेव्हा ते कान तुटलेल्या कपात मावलं. हौसेने रोज पाणी घातलं, तर बुडाशी मऊ पडून कुजायलाच लागलं. "पाहुणी आहे का ती, येता-जाता पाणी विचारायला?" ताईने झापलं. मग कुजकी मुळं कापून, पिल्लू सुकवून, रेताड मातीत, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात तिने ते नव्याने लावलं. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात पानं पुन्हा ताठ झाली. आता अडीच वर्षांची लेक रोज मातीत बोट खुपसून निकाल द्यायची, "ओली आहे. नको."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. दिवसभर घरभर फिरायची, पण झोपताना अजूनही आईच्या अंगावर प्यायल्याशिवाय डोळा मिटायची नाही. आणि सोमवारपासून आईची बेकरीतली पहाटेची पाळी सुरू होणार होती.

"कोरफड लाव. एका घोटात अंगावरचं सुटेल," ताई हसत म्हणाली होती.

तुटल्या टोकातून ओघळणारा पिवळा चीक तिने बोटावर घेतला आणि छातीला लावला. चांगला जाडसर.

भिंगरी उठली, डोळे चोळत आली, मांडीत शिरली आणि प्यायला लागली. दोन घोट घेतले आणि थांबली. तोंड वेडंवाकडं झालं. पण ती रडली नाही. आईकडे नुसती बघत राहिली, मग मांडीवरून उतरून कपाटाशेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिथेच भडाभडा ओकली.

तिने लेकीचं तोंड धुतलं, ताईला फोन लावला. ताई मुलांच्या दवाखान्यात नर्स होती.

"अगं बये, खरंच लावलंस? मी गंमत केली होती!"

"तूच तर म्हणालीस..."

"गर लावलास की चीक?"

"पिवळं येतं ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तोच वाईट असतो. थांब, डॉक्टरांना विचारते." मग लांबून बोलण्याचा आवाज, आणि पुन्हा ताई. "थोडं थोडं पाणी पाज. पुन्हा ओकली, जुलाब लागले, सुस्त पडली, तर रिक्षात घाल आणि थेट इथे ये. आणि आधी स्वतःचं अंग धू! रडत बसू नकोस."

"रडत नाहीये."

"ऐकू येतंय मला."

तिने मोरीत जाऊन साबणाने छाती घासली, लाल होईस्तोवर. मग येऊन लेकीसमोर जमिनीवर बसली. चमच्याने पाणी पुढे केलं. भिंगरीने आधी चमचा हुंगला, आईचा चेहरा पाहिला, मग ओठ घट्ट मिटले.

हे तिला ओकारीपेक्षा जास्त लागलं. आजवर या पोरीने आईच्या हातातलं कधी हुंगलं नव्हतं.

तिने तो चमचा स्वतः पिऊन दाखवला. दुसरा भरला. तोही प्यायली. तिसरा भिंगरीने घेतला.

मग नुसती वाट पाहणं. पोट हाताला मऊ लागतंय ना? डोळे जड होतायत का? जांभई आली की ही हाक मारून बघायची. रिक्षाचे पैसे मुठीत धरून बसलेली. पायात चपलासुद्धा होत्या, घरातल्या घरात.

उन्हं भिंतीवरून खाली सरकली. पुन्हा ओकारी नाही. एकदा पातळ शी झाली. ताई फोनवर म्हणाली, "एवढ्यावर थांबलं तर ठीक. लक्ष ठेव." भिंगरीने मग भात मागितला, दोन घास खाल्ले. आईला बरं वाटलं, पण लेक अजून हातभर लांबूनच बोलत होती.

संध्याकाळी ती मोरीतून ओला रुमाल घेऊन आली, पाणी ठिबकवत. आईच्या कुडत्यावर, छातीशी, हळूहळू पुसू लागली. आपलं खरचटलं की आई पुसते तसंच. फुंकरही घातली.

"आई," ती कुजबुजली, "तुला कडू कोणी केलं?"