न उसवलेले टाके

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी पट्टी आहे. रुंदीला चार बोटे, आणि आत ढिले पडत चाललेले इलास्टिक. एखाद्या घरात सापडले असते तर कुणीही माझे फडके केले असते. पण मी ज्या दंडावर चढत असे, त्याच्यामागून दहा जण मैदानात उतरत आणि सगळा देश टीव्हीपुढे बसे. निदान पहिला गोल खाईपर्यंत तरी बसे. मी देशाच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाच्या कप्तानाची पट्टी आहे.

माझा जन्म उरलेल्या कापडातून झाला. संघाच्या जर्सी शिवून झाल्या, तेव्हा शिंप्याच्या टेबलाखाली एक तुकडा पडला होता. संघाचे कपडे सांभाळणाऱ्या बाई तिथे उभ्या होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांनी तो तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "याची कप्तानाला पट्टी करून द्या." शिंपी मोठा हौशी. त्याने तिथल्या तिथे माप घेतले, पण घेतले ते स्वतःच्या दंडाचे! आता तो गृहस्थ चांगला खातापिता, आणि आमचे कप्तान सोळा वर्षांचे. पहिल्याच सामन्यात मी घसरून मनगटावर आले. तेव्हापासून प्रत्येक नव्या कप्तानासाठी मावशी चिमटीभर कापड आत दुमडत आणि चार टाके घालून मला घट्ट करत. कप्तान बदलला की जुने टाके उसवायचे आणि नवे घालायचे.

आणि कप्तान सारखे बदलत. मोठ्यांच्या संघात एकेक जण दहा-दहा वर्षे ठाण मांडून बसतो. आमच्याकडे पोराला जरा कुठे मिसरूड फुटते, मैदानात तो रुळतो, तोच त्याचे वय उलटते. मला प्रत्येकाचा लळा लागे आणि प्रत्येक जण जाई. घरातल्या थोरल्या बहिणीचे व्हावे तसे माझे झाले होते. सगळ्यांना वाढवायचे आणि निरोप द्यायचा.

आमची कामगिरी विचाराल, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरी असते, तिचा उंबरठा आम्ही कधी ओलांडलाच नव्हता. कधी पाच गोल खाल्ले, कधी सात. एकदा मैदानात पाणी साचून सामना रद्द झाला, तर हरलो नाही या आनंदात पोरांनी बसमध्ये गाणी म्हटली. मुख्य स्पर्धेचे मैदान मी फक्त टीव्हीवर पाहिले होते. तिथल्या कप्तानांच्या दंडांवर चमकणाऱ्या पट्ट्या पाहिल्या की माझा जीव तुटे. आपणही एकदा तिथल्या दिव्यांखाली जावे, एवढीच माझी इच्छा होती.

मग काडी आला. बचावफळीत खेळणारा, उंच, आणि अंगावर मांस औषधापुरते. मावशींनी मला त्याच्या दंडावर चढवले आणि कपाळावर हात मारला. "अरे, हा दंड आहे की पेन्सिल? घरी जेवायला घालतात ना तुला?"

"घालतात की. पण धावण्यातच जिरतं सगळं," काडी म्हणाला.

त्या दिवशी पिवळ्या दोऱ्याचे रीळ संपले होते. मावशींनी मोज्यांचा काळा दोरा घेतला, चांगले दोन बोटे कापड आत दाबले आणि म्हणाल्या, "मैदानावरून कुणाला दिसतंय!" मला मात्र ते काळे टाके मुळीच आवडले नाहीत. पिवळ्या अंगावर काळा दोरा शोभतो का? नाक मुरडतच मी पहिल्या सामन्याला गेले.

पण त्या पोराने संघाचा कायापालट केला. तो ओरडत नसे. गोल खाल्ला की चेंडू स्वतः जाळ्यातून काढी, मधल्या वर्तुळात नेऊन ठेवी आणि म्हणे, "चला, अजून वेळ आहे." गोलरक्षक त्याचा जिवलग मित्र. त्याला सगळे कुलूप म्हणत, आणि तो नावाला जागणारा होता. पात्रता फेरीचा शेवटचा सामना आम्हांला जिंकावाच लागणार होता. कुलूपने सगळे अडवले आणि सामना संपता संपता काडीने डोक्याने गोल केला. शिट्टी वाजली तेव्हा त्याने मला डोळ्यांवर दाबून धरले. घाम मला रोजचाच होता, पण आसवांनी मी त्या दिवशी पहिल्यांदा भिजले. त्या क्षणापासून काळे टाके मला शोभू लागले.

मित्रांनो, सुख दारात येऊन परत फिरते म्हणतात, ते खरे आहे. यजमान देशाची मैदाने वेळेत तयार झाली नाहीत. स्पर्धा पुढच्या वर्षावर गेली आणि वयाची अटही एक वर्षाने पुढे सरकली. काडीचा जन्म डिसेंबरच्या अखेरचा. त्याच्या पुढच्या जानेवारीपासून जन्मलेली पोरे चालणार होती; बाकी सगळे त्यात बसले, तो नाही. संघाला तिथवर नेणारा कप्तानच तेवढा मागे राहिला.

त्याची आई त्याला शिबिरातून घरी न्यायला आली. कपड्यांच्या खोलीत तो बाकावर बसला होता, मला दंडावर घालूनच. ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "सगळ्याचीच घाई तुला. आठवडाभर पोटात थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" ती हसत म्हणाली, पण पदर डोळ्यांकडे गेला.

काडीने मला काढले आणि कुलूपच्या हातात ठेवले. कुलूप त्याच्याहून वर्षाने लहान, आता तोच कप्तान. "मावशी, याचे दंड म्हणजे खांब आहेत. माझे टाके उसवा," असे म्हणून तो बॅग उचलून गेला. वळून पाहिले नाही. पाहिले असते तर त्याला जाता आले नसते.

मावशींनी कात्री घेतली. कुलूपने त्यांचा हात धरला.

"राहू द्या तसेच."

"अरे, हात सुजेल."

"सुजू दे."

अशी मी त्या दिव्यांखाली पोचले. स्वप्न पुरे झाले, पण ज्याच्यासोबत पाहिले तोच नव्हता. पहिला सामना आम्ही चार गोलांनी हरलो. दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्यात कुलूपने पेनल्टी अडवली आणि आम्ही एक-शून्य जिंकलो. गोलफरकाने बाहेर पडलो खरे, पण तो आमचा मुख्य स्पर्धेतला पहिला विजय. आजवर एकुलता एक. प्रत्येक सामन्यानंतर कुलूप मला उतरवी, तेव्हा त्याच्या दंडावर लाल वळ असे.

पुढे नव्या पट्ट्या आल्या, छापील, चिकटवायच्या, कुठल्याही दंडाला बसणाऱ्या. मावशी निवृत्त झाल्या. मला संघाच्या कार्यालयातल्या चषकांच्या कपाटात ठेवले. चषक थोडे, जागा भरपूर. खाली पाटी लावली, 'ऐतिहासिक विजयाची पट्टी'. वर्षे गेली. मुले येत, एक नजर टाकत आणि पुढे जात. संघ पुन्हा कधी पात्र ठरला नाही, आणि खोलीतल्या टीव्हीवर प्रत्येक पराभव मला काचेतून पाहावा लागला.

मागच्या महिन्यात पंखा पुसताना शिडी आपटली आणि कपाटाची काच फुटली. काच बसवायला एक उंच माणूस आला. पोट सुटलेले, केस विरळ. कारकून म्हणाला, "त्या पट्टीला जपून हं. ऐतिहासिक आहे."

"हो साहेब," तो म्हणाला. मला उचलताना त्याचा अंगठा आतल्या बाजूला गेला आणि थांबला. त्याने मला उलटे केले. काळे टाके पाहिले. तेव्हा मी त्याला ओळखले.

त्याने खिशातून फोन काढला. "कुलप्या, तू माझे टाके उसवलेच नव्हतेस?"

पलीकडून घोगरा आवाज आला, "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या हातात आहे पट्टी. तीन सामने अशीच घातलीस? आवळली नाही का रे?"

"आवळली ना. हात बधिर व्हायचा. मग आठवायचं, मैदानात आपण बारा जण आहोत."

काडी कपाटासमोर उभा राहून रडला. कारकून गोंधळला, पाणी घेऊन आला. काडीने मला दंडावर चढवायचा प्रयत्न केला, पण मी कोपरापुढे सरकेना. "आता नाही बसत," तो म्हणाला आणि ओल्या डोळ्यांनी हसला. मग त्याने मला जागेवर ठेवले, नवी काच बसवली आणि ती पुसून लख्ख केली.

त्या लख्ख काचेमागून मी तुमच्याशी बोलते आहे. मित्रांनो, कपाटात जपलेली वस्तू टिकते, पण तिचा जीव मैदानातच राहतो. तुमच्यापैकी कुणी पुढे कप्तान झाले, तर मला बाहेर काढा. थंड पाण्यात हाताने धुवा. माझ्यात अजून एक-दोन कप्तानांपुरता ताण आहे. फक्त ते काळे टाके उसवू नका. आवळले तर आवळू द्या.