डार्करूम बंद झाल्यावर

टाकी उचलताना तळाशी उरलेलं औषध श्रावणच्या पायावर सांडलं. दोन हमालांनी ती तशीच तिरपी करून डार्करूमच्या दारातून बाहेर काढली. मागे उरली एक काळी खोली आणि भिंतीवरचा लाल बल्ब. त्या बल्बखाली श्रावणने एकतीस वर्षं एक्स-रेच्या फिल्म धुतल्या होत्या. कोणती फिल्म औषधात किती वेळ ठेवायची, थंडीत औषध गार पडलं की किती वेळ वाढवायचा, हे त्याला घड्याळात पाहावं लागत नसे.

अकोल्यातल्या त्या खासगी दवाखान्यात आता नवीन मशीन आलं होतं. त्याला फिल्म लागत नव्हती, अंधारही लागत नव्हता. बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर हाड दिसे.

मॅनेजर ओमप्रकाशजींनी त्याला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"श्रावणभाऊ, तुमाले काढून नाई राहिलो. गेटवर खुर्ची देतो. गाड्या नीट लावून घ्याच्या, बस. नाईतर दीपमाला मॅडमच्या हाताखाली हे मशीन शिका. दोन महिने पाहू. तुमीच ठरवा."

"गेटच बरं," श्रावण म्हणाला. "या वयात कॉम्प्युटर कायले?"

घरी पंचफुलालाही तेच योग्य वाटलं. नवरा चोपन्न वर्षांचा, गुडघे दुखणारे. बसून काम मिळालं तर वाईट काय?

गेटवर त्याने चार दिवस काढले. तिथून एक्स-रेच्या खोलीचं दार दिसे. दार उघडलं की तो खुर्चीतून उठे, आणि आपण कशासाठी उठलो ते आठवेनासं होऊन परत बसे. चौथ्या दिवशी जुन्या ओळखीचे एक मास्तर आत जाता जाता थांबले. म्हणाले, "अरे श्रावण, तू इथं? मंग फोटो कोन काढून राहिलं?" पाचव्या दिवशी तो गेटवर न जाता सरळ आत गेला.

दीपमाला अकोटची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, टेक्निशियनचा कोर्स केलेली. तिने त्याच्यासाठी शेजारी स्टूल ओढलं आणि त्याला पेशंटची चिठ्ठी दिली. "हे नाव इथं इंग्रजीत टाका, काका."

चिठ्ठीवर 'गंगूबाई' होतं. श्रावणला इंग्रजी अक्षरं ओळखता येत, पण बटणांवर ती कुठेही विखुरलेली होती. एक सापडलं की दुसरं हरवे. बाहेर बाकावर खरी गंगूबाई कण्हत होती. शेवटी दीपमालानेच नाव टाकलं.

असं आठवडाभर चाललं. एका दुपारी डबा खाताना तो म्हणाला, "मॅडम, हे आपल्याच्यानं होत नाई. माह्या डोक्यातच नाई हे."

दीपमालाने भाकरीचा तुकडा मोडला. "मी फिजिक्सात दोनदा नापास झाली होती, काका."

श्रावणचा हात थांबला. "तुमी?"

"हाव."

"मंग?"

"मंग तिसऱ्यांदा बसली."

"घरचे काई बोलले नाई?"

"बाबा बोलले. पन माय म्हने, नाई झालं म्हंजे आतापर्यंत नाई झालं. बस. तिले स्वतःले वाचता येत नाई." ती हसली. "लोनचं घ्या."

श्रावणने लोणचं घेतलं, पण पुढे तो फारसा जेवला नाही. त्याच्या लेखी नापास म्हणजे शेवट होता. ही मुलगी ते असं सांगत होती, जणू अकोटच्या रस्त्यात बस पंक्चर झाली होती आणि टायर बदलून पुढे निघाली.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळकरी पोरांची वही आणली. पेशंटची नावं इंग्रजीत कशी लिहितात ते तो उतरवून घेऊ लागला. मग हाडांची, सांध्यांची नावं. गुडघ्याच्या इंग्रजी नावाच्या सुरुवातीला न बोलणारं 'के' हे अक्षर येतं, त्याच्याशी त्याचं बरेच दिवस पटलं नाही. "बोलाचंच नाई, तर हे इथं बसून काय करते?" तो विचारी. दीपमाला म्हणे, "तुमी गेटवर बसले होते तसं." मग दोघंही हसत.

महिन्याने चूक झाली. पार्बताबाई नावाची म्हातारी पडून मनगट मोडून घेऊन आली होती. मोडलेला हात उजवा. श्रावणने कॉम्प्युटरवर डावा टाकला. प्लास्टर घालायच्या आधी डॉक्टरांनी म्हातारीचा सुजलेला हात पाहिला म्हणून निभावलं. ते एक्स-रेच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर बोलले. त्यांचं चुकलं नव्हतं. श्रावण खाली मान घालून ऐकत राहिला. ते गेल्यावर त्याने वही उचलून पिशवीत टाकली.

"कुठं चाललात?" दीपमालाने विचारलं.

"गेटवर. कोनाचा चांगला हात बांधला जाईन माह्यापाई."

"जा. पन आधी सांगा, चुकलं कुठं?"

"चुकलो ना मी. अजून काय सांगू?"

"तुमी चुकले हे दिसलं. कुठं चुकले ते विचारून राहिली मी."

श्रावण चिडला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. तो परत आला, म्हातारी बसली होती त्या जागेकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "ते माह्यासमोर बसेल होती. तिचा उजवा माह्या डाव्या अंगाले आला."

"हं."

"म्हंजे समोर उभं राहूनच नाई टाकाचं. पेशंटच्या बाजूनं, त्याचं तोंड जिकडं, तिकडंच आपलं तोंड करून उभं राहाचं. त्याले दुखता हात वर कराले लावाचा. मंगच टाकाचं."

त्यानंतर तो तसंच करू लागला. पुढे दीपमालाही तसं करू लागली. डॉक्टरांनी एकदा विचारलं, तेव्हा तिने ही रीत काकांची आहे म्हणून सांगितलं. दोन महिने संपले त्या दिवशी ओमप्रकाशजी येऊन दाराशी उभे राहिले. श्रावण एका मुलाशेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा होता. ते पाहून परत गेले. गेटवरच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला.

पंचफुलाने त्या दिवशी पुरणाचा घाट घातला. श्रावण जेवायला बसला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"आता काय झालं?" तिने विचारलं.

"सपन्यानं ते परीक्षा परत द्याले पाह्यजे होती."

अकरा वर्षांत हा विषय घरात निघाला नव्हता.

त्यांचा मुलगा स्वप्निल, घरचा सपन्या, दहावीला गणितात नापास झाला होता. शाळेतल्या सरांनी पुन्हा बसायला सांगितलं होतं. श्रावण म्हणाला होता, "माह्या बापाले गणित आलं नाई, मले आलं नाई, तुले कुठून येईन? कायले परत परत मानहानी? सोड." तो ओरडला नव्हता, मारलं नव्हतं. त्याने मायेनेच म्हटलं होतं. आठच दिवसांत त्याने मुलाला अमरावतीला एका ओळखीच्या टायरवाल्याकडे नेऊन ठेवलं. स्वप्निल तिथेच राहिला, काम शिकला, पुढे नीलमशी लग्न झालं, बडनेरा रोडला स्वतःचं दुकान टाकलं. सणावाराला येई. नीट बोले. वाकडं काही नव्हतं.

रविवारी श्रावण एसटीने अमरावतीला गेला. दुकानात स्वप्निल एकटाच होता. त्याने बापासाठी स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला.

"अचानक आले? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मशीन आलं मले. आता तिथंच आहो."

"मायनं सांगतलं फोनवर. चांगलं झालं."

चहा आला. श्रावणने कप दोन्ही हातांत धरला. येताना मूर्तिजापूरपासून त्याने बोलायचं ठरवून ठेवलं होतं.

"सपन्या, मी तुले म्हनलं होतं, तुह्या डोक्यात गणित नाई म्हनून."

स्वप्निल ट्यूबवरची माती पुसत होता. "हाव."

"मले मालूम नोतं बावा. मी माह्यावरून सांगतलं. मले वाटे, एकदा नाई आलं म्हंजे नाईच येत."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत स्वप्निल ट्यूब पुसत राहिला.

"मले आवडे गणित," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त तेच आवडे. मार्क नोते पडत, ते येगळं."

श्रावणने कप खाली ठेवला.

"तवा काहून नाई बोलला?"

"तुमी मायेनं सांगून राहिले होते ना." स्वप्निलच्या आवाजात राग नव्हता. "माराले धावले असते, तं म्या ऐकलं नसतं."

एवढं बोलून त्याने ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती पाण्याच्या घमेल्यात बुडवली. श्रावण स्टूल पुढे ओढून घमेल्याशी वाकला. ट्यूब सारखी वर येत होती, म्हणून त्याने एका बाजूने ती दाबून धरली. बाह्या ओल्या झाल्या. दोघंही बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिले.