हातभर जागा

"वढ अजून. उजव्या अंगाला हातभर तरी भाइर आली पायजे," सायकलचं कॅरिअर धरून दयाराम म्हणाला.

सगुणाने काथ्याची दोरी ओढली, पण तोंड वाकडं करूनच. बांधायची होती ती चावी, आणि चावी म्हणजे कुलपाची नव्हे. गावाच्या पाइपलाइनवरचे वॉल उघडायची लोखंडी चावी, माणसाच्या कमरेएवढी उंच आणि वर धरायला आडवी दांडी. दयाराम घरत हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. सकाळ-संध्याकाळ सायकल काढायची, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत ही चावी घालून एकेका आळीचं पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, यातच त्याचा जन्म गेला होता. आजवर चावी सायकलच्या दांड्याला लांबीत बांधलेली असे. आज पहिल्यांदाच ती कॅरिअरवर आडवी चढली होती.

"व्हती तशीच बरी व्हती," सगुणा म्हणाली. "कोनाला लागली म्हंजी?"

"लागंल कशी? दिसंल ना. दिसली का लांबनं जातील."

आणि दिसावी म्हणून त्याने तिच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी चावीच्या टोकाला बांधली. सगुणाला ते लुगडं फाडलेलं आवडलं नाही, पण गाठ तिनेच आवळून दिली. आठवड्यापूर्वी त्याच्या कोपराला तिनेच हळद लावली होती. मुंबईहून रो-रो बोटीने आलेल्या एका मोटारीचा आरसा दयारामच्या कोपराला लागला आणि तो सायकलसकट गटारात गेला. मोटार थांबली नाही. थांबली नाही याचंही त्याला एवढं वाटलं नसतं, पण आतून कुणीतरी हसल्यासारखा आवाज आला होता. खरंच कुणी हसलं की गाणं चालू होतं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. पण त्याच्या कानात ते हसणंच राहिलं.

मुळात दयाराम म्हणजे गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. पाणी उशिरा आलं की बाया त्याचा उद्धार करायच्या, कमी आलं की सरपंच करायचा, आणि जास्त येऊन रस्त्यावर वाहिलं की दोघे मिळून करायचे. हा आपला ऐकून घ्यायचा. पण तो रस्ता त्याचा लहानपणापासूनचा. थळ गावाच्या बाजूने येणारा, दोन्ही अंगांना चिंचा आणि कुंपणं असलेला, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढा रस्ता. त्यावर शनिवार-रविवारी बंगलेवाल्यांच्या आणि पाहुण्यांच्या मोटारींची अशी रीघ लागायची की सायकलवाल्याने गटारातूनच जावं. दयारामचं मागणं फार नव्हतं. त्याला हातभर जागा हवी होती.

आणि ती मिळाली! पहिल्याच शनिवारी त्याला ते कळलं. मागून सुसाट आलेली मोटार लाल चिंधी दिसताच दबकली आणि चांगली लांबून निघून गेली. तिच्या मागची तशीच गेली, आणि मागची एस्टीसुद्धा. दयारामला इतका आनंद झाला, की शेवटच्या आळीचं पाणी त्याने जास्तच वेळ सोडलं. त्या आळीतल्या बायांनी त्या दिवशी त्याला चक्क चहा दिला.

माणसाला जागा मिळाली की तो नुसता त्या जागेत राहत नाही. दयारामही राहिला नाही. आधी तो रस्त्याच्या कडेने जायचा, मग कडेपासून थोडा आत, आणि पुढे पुढे जवळजवळ मधूनच जाऊ लागला. एकदा एका चंदेरी गाडीने घाई केली. चावीचं टोक तिच्या दारावर करकरत गेलं. गाडी थांबली, काच खाली झाली.

"मरायचंय का, आजोबा?"

"मरायचाच असता तं चावी कशाला बांधली असती?" दयाराम म्हणाला.

हे उत्तर त्याला कसं सुचलं देव जाणे. जन्मात त्याने कुणाला उलट शब्द दिला नव्हता. पण चहाच्या टपरीवर ते पोचलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "दयाराम, आमच्या मोटारसायकलीला पन एक बांध रं," असं कुणीकुणी म्हणू लागलं. त्या रात्री झोपताना तो करकर आवाज त्याने मनात पुन्हा पुन्हा ऐकला. त्याला तो आवडला, आणि आवडला याची जराही भीती वाटली नाही.

सगुणाला मात्र वाटली. "आवो, तुमी आताशी रस्त्याव जाताना दात खाता," ती एकदा म्हणाली. त्याने ते हसण्यावारी नेलं.

नुरुद्दीननेही त्याला सांगून पाहिलं होतं, थट्टेच्या सुरात. नुरुद्दीन हा खारी-बटरवाला. कॅरिअरवर पत्र्याची पेटी, हँडलला घंटी. संध्याकाळी तो थळकडून घरी परतायचा आणि दयाराम तिकडे वॉल बंद करायला निघायचा. मोठ्या चिंचेच्या वळणावर दोघांची रोज गाठ पडायची. मग पाय टेकून बिडी, दोन शब्द, आणि पेटीत उरलेलं एखादं बटर दयारामच्या खिशात. दोघांची शाळा एकच, आणि दोघांची ती सुटलीही एकाच वर्षी.

"मिया, तुझ्या चावीनं माझी पंचाईत केलीय," नुरुद्दीन म्हणाला होता. "तुला घाबरून गाड्या लांबनं जातात ते बरं. पन लांब म्हंजे कुठं? माझ्याच अंगावर येतात की!"

"मंग तू पन बांध."

"मी बांधली तर ते बिचारे जातील कुठं? झाडावर?"

दोघं पोट धरून हसले. दयाराम हसत हसतच निघाला. ते हसणं पुढे त्याच्या छातीत कसं रुतून बसणार होतं, हे तेव्हा त्याला कोण सांगणार?

पुढचा शनिवार आला. दिवस मावळायला आला होता, चिंचांखाली अंधारून आलं होतं. दयारामच्या मागे एक मोटार लागली. तिने हॉर्न वाजवला नाही, नुसते दिवे एकदा बारीक-मोठे केले आणि मागे मागे हळू येत राहिली. अशी शहाणी मोटार क्वचितच भेटते. कडेला व्हायला दयारामला कितीशी जागा हवी होती? पण तो झाला नाही. मागे कुणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय, याची त्याला गंमत वाटत होती. ये म्हणावं मागनं, आम्ही जन्मभर कडेनं गेलो. तो मुद्दाम सावकाश पायडल मारत राहिला, आणि वळण आलं.

वळणावर मोटारवाल्याचा धीर सुटला. त्याने गाडी बाहेर काढली, आणि चावी लागू नये म्हणून चांगली लांब, पार पलीकडच्या कडेपर्यंत घेतली. दयारामला घंटी ऐकू आली. तो ओरडला की नाही, हे त्याला आठवत नाही. मग पत्र्याची पेटी आपटल्याचा आवाज झाला.

नुरुद्दीन कुंपणाच्या दगडांवर पडला होता. एक पाय जिथे वळू नये तिथे वळला होता. रस्ताभर खारी सांडली होती आणि माणसं धावताना ती पायाखाली चुरत होती. दयारामने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "मी हाय. मी हाय ना," एवढंच तो बोलत राहिला.

तोवर लोकांनी मोटारवाल्याला बाहेर ओढलं. चष्मा लावलेला, पन्नाशीचा माणूस, सोबत म्हातारी आई. कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा पडला. तो हात जोडून दयारामकडे पाहत म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा यांना! तुमच्या त्या लोखंडाला लागू नये म्हणून मी बाजूला घेतली. किती वेळ तुमच्या मागे होतो मी! सांगा ना!"

सगळ्यांनी दयारामकडे पाहिलं. आणि दयारामने मान खाली घातली. नुरुद्दीनच्या कपाळावरचं रक्त तो उपरण्याने पुसत राहिला, जणू त्याला ऐकू आलंच नव्हतं. मग त्या माणसाला आणखी मार पडला. त्याची आई गाडीत बसून मोठ्याने रडत होती.

हवालदाराने विचारलं, "गाडी सुसाट होती ना?"

"व्हय," दयाराम म्हणाला. त्याने सही केली.

नुरुद्दीन जगला. पाय मात्र गुडघ्याखालून काढावा लागला. अलिबागच्या दवाखान्यात दयाराम भेटायला गेला तेव्हा नुरुद्दीनची बायको तैयबा उठून उभी राहिली आणि तिने त्याला स्वतःचं स्टूल दिलं. "भाऊ, तुमी उचलला म्हनून वाचले," ती म्हणाली. नुरुद्दीनने त्याचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. दयारामला तो हात विस्तवासारखा वाटला. सांगावं, आत्ता सांगून मोकळं व्हावं, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नुरुद्दीन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाला, "हा माझा शाळेतला दोस्त," आणि दयारामने त्या माणसाला नुसता नमस्कार केला.

त्या दिवसापासून दयाराम सायकल हातात धरून चालत जाऊ लागला. चावी पुन्हा दांड्याला लांबीत बांधली. पाणी सगळीकडे उशिरा पोचत होतं आणि बाया पुन्हा उद्धार करत होत्या. त्याला ते बरं वाटे. कुणीतरी शिव्या द्यायलाच हव्या होत्या.

महिना-दीड महिन्यानंतरची गोष्ट. उन्हं उतरली होती. सगुणा ओट्यावर सुकट निवडत होती. अंगणात सायकल येऊन थांबली आणि नुरुद्दीनची घंटी वाजली. दयाराम दचकून बाहेर आला. नुरुद्दीनचा थोरला मुलगा तबरेज आला होता. पनवेलकडच्या गोदामातली नोकरी सोडून तो घरी परतला होता. बापाची सायकल त्याने सरळ करून घेतली होती, पेटीलाही ठोकून आकार आणला होता.

"काका, उद्यापासून फेरी मीच करणार," तो म्हणाला. पेटीमागून त्याने एक लोखंडी सळई काढली. एका टोकाला लाल कापड आधीच गुंडाळलेलं होतं. "ही तुमच्या चावीसारखी आडवी बांधून द्या. अब्बांनीच पाठवलंय. म्हणाले, दयारामकडं जा, त्याच्या अंगाला गाडी शिवत नाही."

दयाराम पायरीवर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. मोटार मागे हळू येत होती ते सांगितलं, आपण मुद्दाम बाजूला झालो नाही ते सांगितलं. मोटारवाला हात जोडत होता आणि आपण मान खाली घातली, तेही सांगितलं. सगुणाचे हात सुपात थांबले होते. तिलाही हे आजच कळत होतं.

"तुज्या बापाचा पाय मीच घालवला, पोरा," तो म्हणाला. "उद्या ठान्यात जाऊन खरा काय ता सांगतू. तुज्या बापालापन सांगतू."

तबरेजने सळई दुसऱ्या हातात घेतली. दयारामला वाटलं, आता हा मारणार. मारावं, असंही वाटलं.

"ठाण्यात सांगा नाहीतर नका सांगू, तुमचं तुम्ही बघा," तबरेज शेवटी म्हणाला. "अब्बांना नका सांगू. त्या दिवसातली एकच गोष्ट ते लोकांना सांगत असतात. तुम्ही डोकं मांडीवर घेतलंत ती. तेवढी त्यांच्याकडं राहू दे."

मग त्याने सळई पुन्हा पुढे केली.

"बांधून देताय ना?"

"अरं, मी काय सांगला ता समाजला का तुना?"

"समजलं ना, काका. गाडी तुमच्या अंगावर आली नाही. दुसऱ्याच्या अंगावर गेली." तो हे रागाने म्हणाला नाही. बाजारातला भाव सांगावा तसं म्हणाला. "मला उद्यापासून रोज जायचंय त्या रस्त्यानं. घरात आता चालता येणारा मीच आहे."

दयारामने सळईला हात लावला नाही. तबरेजने मग वाट पाहिली नाही. पेटीखालची दोरी सोडून त्याने स्वतःच सळई आडवी ठेवली आणि दोन्हीकडून आवळून बांधली. ती हलते का ते पाहिलं. हलत नव्हती. सगुणाला "येतो, काकी" म्हणून तो निघाला आणि अंगणाच्या फाटकातून बाहेर पडताना सळई लागू नये म्हणून त्याने सायकल जरा तिरकी केली. "कडेनं जा रं," असं दयारामला ओरडायचं होतं. कुठल्या तोंडाने ओरडणार? लाल कापड कुंपणापलीकडे दिसेनासं झालं.

दिवेलागण झाली. सगुणाने ताट वाढलं, भाकरी आणि सुकटीचं कालवण. दयारामने घास उचलला. रस्त्यावरून मोटार येत होती. तिचा आवाज चिंचेच्या वळणापाशी हळू झाला, थोडा थांबल्यासारखा झाला आणि मग एकदम वाढला. ती पुढे निघून जाईपर्यंत दयाराम घास तसाच हातात धरून बसला. गेली. त्याने तो तोंडाजवळ नेला, तेवढ्यात मागून दुसरी आली.