खाऱ्या माशाचा अर्थ

"लाइहाबाई, हे काय लिहिलंय?" निऊसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एका माशासाठी एवढी रडारड?"

सित लाइहाने वाचलं. टाळेबंदीत अडकलेल्या कुण्या मुलीने कँटोनीजमध्ये लिहिलं होतं : 'शेजारच्या आजींच्या घरात खारा मासा पडलाय. फोन करकरून थकले. कुणीतरी घेऊन जा हो!' खाली ग्वांगचौमधल्या एका इमारतीचा पत्ता.

लाइहाचं तारुण्य समाजमाध्यमावरचं लोकांचं लिखाण पुसण्यातच सरलं होतं. साहेब उत्तरेकडचे, कँटोनीज त्यांच्या डोक्यावरून जायची. म्हणून तर कंपनीने तिला ठेवलं होतं. खारा मासा म्हणजे प्रेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि टाळेबंदीतलं मरण दिसलं की पुसायचं, असा वरून हुकूम होता.

"वासाची तक्रार आहे, साहेब." लाइहा म्हणाली.

"नक्की?" साहेब शेजारच्या यिनफानकडे वळले. तीही इथलीच. "तू सांग गं."

यिनफानने मान वर केली नाही. "वास येतोच की, साहेब. आमची आई मासे वाळत घालते ना, तेव्हा शेजारीण भांडायलाच येते."

साहेब हसत निघून गेले. यिनफान पुटपुटली, "ताई, मरवशील मला. पोर लहान आहे गं माझं."

दुपारपर्यंत तो मजकूर गावभर झाला. गाडी आली, आजींना घेऊन गेली. पण लोकांनी खाली शब्दाचा अर्थही फोडून टाकला होता.

साहेब परतले ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने. मागे दोन अनोळखी माणसं.

"वासाची तक्रार, असा अर्थ यांना कुणी सांगितला?" त्यांतल्या एकाने विचारलं.

यिनफानची बोटं कळफलकावर थिजली. लाइहा उठली. तिने टेबलाची कड धरली.

"मी. हिने नुसती माझी री ओढली. माझ्यापुढे बोलायची हिची काय टाप?"

"चला, चहा घेऊ," त्यातला एक मऊ आवाजात म्हणाला. पोलिसांच्या त्या चहाला जाऊन आलेली माणसं पुढे महिनोन्महिने गप्प असतात.

बिनखिडकीच्या खोलीत त्याने खरोखरच चहा ओतला. चहा ओतणाऱ्याचे आभार टेबलावर दोन बोटं वाजवून मानायचे, ही तिच्या हाडीमाशी खिळलेली रीत. बोटं आपसूक उचलली गेली.

लाइहाने ती मिटली आणि मूठ मांडीवर ठेवली.