सकाळचं वचन

सिंधु औशात ब्लाउज शिवायची, आणि रोज सकाळी सहाला चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलातलं एक वचन टाकायची. पाळकसाहेबांनीच ते काम तिच्याकडं सोपवलं होतं. वचन गेलं, की कुणी पाहिलं, कुणी हात जोडले, हे बघत बसायची. मग त्याच बोटानं कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, साड्यांचे व्हिडिओ. तोवर चहा गार.

बुधवारी दुपारी ती चतुराबाईंकडं प्रार्थनेला गेली. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, आता डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"सिंधु, आजचं वचन सांग की. सुनंनं वाचलं, पर मिक्सर चालू व्हता. निम्मंच ऐकू आलं."

सिंधुला वचनामागचं चित्र आठवलं: उगवता सूर्य, कोपऱ्यात कबुतर. शब्द एकही नाही.

"थांबा आज्जी, मोबाइलात बघते."

"ऱ्हाऊ दे मोबाइल. तुझ्या ध्यानात हाय तेवढं सांग."

"काहीच न्हाई ध्यानात," सिंधु हळूच म्हणाली.

म्हातारी रागावली नाही. "बरं, प्रार्थना कर मग."

प्रार्थना करताना पिशवीतला मोबाइल दोनदा थरथरला. सिंधुचे शब्द अडखळले, आणि तिनं घाईघाईनं आमेन म्हणून टाकलं. घरी जाताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. त्र्याऐंशी जणांना पाठवलेलं वचन तिनं स्वतः धड वाचलंच नव्हतं.

गुरुवारी तिनं ग्रुपवर काहीच टाकलं नाही. मापाच्या कागदावर एक स्तोत्र उतरवलं, मशीनसमोर चिकटवलं, मोबाइल कपाटात ठेवला. तरी हात सारखा कपाटाकडं जाई. एक शिवण वाकडी गेली, उसवावी लागली.

नऊला मोबाइल वाजला. पाळकसाहेब होते.

"वचन आलं न्हाई आज. बरी हायेस ना?"

"बरी हाय. पर ते काम दुसऱ्या कुणाला द्या, साहेब. आधी मला वाचायचं हाय."

"लोकं विचारायलेत गं."

"विचारू द्या."

शुक्रवारी शिलाई अर्धी टाकून ती चतुराबाईंच्या दारात उभी राहिली.

"आज बुधवार हाय का?"

"न्हाई आज्जी, शुक्रवार."

सिंधु खाली बसली आणि ते स्तोत्र पाठ म्हणू लागली. तिसऱ्या ओळीला अडकली, चौथी आधीच तोंडात आली. चतुराबाईंनी चाचपडत तिचा गुडघा धरला.

"दमानं. पहिल्यापासून घे."

सिंधुनं पहिल्यापासून घेतलं.