कडी लावलेली मीटिंग

शाळेच्या उपमुख्याध्यापकाला पोरं घड्याळसर म्हणायची, आणि त्याला ते आवडायचं, आता बोला! दर सोमवारची मुख्य मंडळींची मीटिंग त्यानेच ताळ्यावर आणली होती. पूर्वी तिथे चहा ढोसत निम्मा दिवस चकाट्या पिटल्या जायच्या. याने खोलीतल्या खुर्च्याच काढून टाकल्या. काय बोलायचं ते उभ्याने बोला. मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. शुक्रवारपर्यंत विषय दिला नाही तर तो पुढच्या सोमवारी. आणि दाराला आतून कडी. कोणी कितीही ठोठावलं तरी मीटिंग संपेपर्यंत उघडायची नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं तेव्हा स्वारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्याची बायको त्याच शाळेत सहावीचा वर्ग सांभाळायची. रविवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, उद्या त्या वेल्डरचं ऐकून घ्या. मारामारी केली म्हणून त्याच्या पोराचं नाव शाळेतून काढलंत, बापाला एका शब्दाने विचारलं नाहीत. हेलपाटे घालून घालून तो भडकलाय. मला भीती वाटते त्याची."

"शुक्रवार गेला. आता पुढच्या सोमवारी."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

"बायकोसाठी नियम मोडला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

तिने भाजीची देठं कागदात गुंडाळली आणि उठून गेली. ऐकेल तर तो घड्याळसर कसला.

सोमवारी मीटिंग अगदी वेळेवर सुरू झाली. मुख्याध्यापिकाबाई, खेळाचे सर आणि घड्याळसर, तिघे टेबलाभोवती उभे. विषय होता सहामाही परीक्षेला कोणत्या वर्गावर कोणी थांबायचं. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला आणि दारावर धाडकन काहीतरी आदळलं.

"बघा हो, कोण आहे," बाई म्हणाल्या.

"ठोठावू दे. पुढचा मुद्दा."

पुन्हा धाड. पुन्हा. कडी थरथरली. घड्याळसराच्या कपाळाला आठी पडली. काय माणसं ही, दार वाजवायचीही रीत नाही! त्याने आवाज चढवला आणि सातवीच्या वर्गावर कोण थांबणार ते सांगायला घेतलं.

मग दाराखालून रक्त आत आलं. लाद्यांच्या फटीतून सरळ त्याच्या बुटापर्यंत.

खेळाच्या सरांनी कडी काढली आणि दाराबरोबर ती पाठीवर आत कोसळली. त्याची बायको. दाराला पाठ लावून उभी राहिली होती. ठोठावणं नव्हतंच ते, मेल्या! लोखंडी सळईचा घाव बसला की तिचं डोकं मागे दारावर आपटत होतं. वेल्डर तिच्या नवऱ्याला शोधत आला होता आणि ही बया वाट अडवून उभी राहिली होती.

"कुठाय तो?" वेल्डर तिला ओलांडून आत घुसला. सळई खेळाच्या सरांच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. आडवी धरायला खोलीत एक खुर्ची नव्हती. घड्याळसर मान खाली घालून त्याच्या पोटावर धडकला. दोघे टेबलासकट आडवे झाले. वेल्डरने त्याचे पुढचे दात पाडले. याने त्याचा कान चावून धरला, तोंड रक्ताने भरलं तरी सोडला नाही. सळई हाताला लागली तेव्हा मात्र याचं भानच सुटलं. गुडघ्यावर हाणली, बरगड्यांवर हाणली, तोंडावर हाणली. वेल्डर हातपाय सोडून पडला तरी हा हाणतच होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

"सर, मरेल तो." बाईंनी मागून त्याचा हात धरला. त्याने त्यांनाही भिंतीवर भिरकावलं.

"अहो."

आवाज जेमतेम निघाला होता, पण हा थांबला. बायको उंबऱ्यावर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती. एक डोळा बंद झाला होता, मनगट उलटं वळलं होतं.

"आता तरी ऐकून घ्या त्याचं," ती म्हणाली.

त्याने सळई टाकली. वेल्डरशेजारी गुडघे टेकून त्याच्या तोंडाशी कान नेला. माणसाचा श्वास चालू होता, पण जबडा जागेवर नव्हता. बोलायला तोंडच याने शिल्लक ठेवलं नव्हतं.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

घड्याळसर तसाच कान लावून बसून राहिला.